तू तिथून काय करणार होती?

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. कूलरमधलं पाणी संपत आलंय. गच्चीवरून चिकाचा आंबूस वास अजून खाली येतोय. दाढ दुखत नाहीये. मुद्दाम लिहून ठेवते, कारण आईनं आत्ताच दारातून तिसऱ्यांदा विचारलं.

गुरुवारी लक्ष्मीनगरला दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते, मार्चमध्ये मी राहते तिथे, जर्मनीत, रूट कॅनाल केलेल्या दाढेवर कॅपचं काम सुरू करायला. डॉक्टरांनी माझ्या फोनवरचा एक्स-रे मोठा करून पाहिला. खालच्या दाढेत बहुतेक तीन कॅनाल, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळ्या, असतात, माझ्या दाढेत चौथा निघाला होता. "चारही भरलेत. चांगलं काम केलं त्यांनी," असं ते म्हणाले आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या दाढेतली नस गेलेली, म्हणून सुईसुद्धा दिली नाही, सरळ घासायलाच घेतलं. गालात कापूस, ओठाला अडकवलेली थुंकी ओढणारी नळी. मधेच मशीन थांबवून ते सहज म्हणाले, "बाबांची जखम भरली ना नीट? त्या रात्री रक्त थांबतच नव्हतं. आई फार घाबरल्या होत्या तुझ्या."

माझं तोंड उघडं होतं. काही विचारता येईना. त्यांना वाटलं मला माहीत आहे. पुन्हा मशीन सुरू झालं आणि पुढची वीस मिनिटं मी छतावरचा दिवा बघत पडून राहिले. कोणती जखम? कधी? कोणत्या रात्री?

घरी आले तर आई कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचं पाणी बदलत होती. मी विचारलं. ती हात न थांबवता म्हणाली, "हो, काढली ना दाढ जानेवारीत. तू तिथून काय करणार होती?"

रागावून नाही म्हणाली. टोमणाही नव्हता. गव्हावर पाणी किती ओतायचं ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात म्हणाली. आणि दोन दिवस झाले, ते वाक्य माझ्यातून जात नाही.

मग हळूहळू कळलं. दिवाळीपासून बाबांची दाढ ठणकत होती. लवंगेचं तेल लावून दोन महिने काढले. डॉक्टर म्हणाले होते, रूट कॅनाल करून वाचवता येईल, तीन-चार वेळा यावं लागेल. बाबा म्हणाले, काढूनच टाका. रक्त पातळ करायची गोळी सुरू, त्यामुळे आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागली. गोळी बंद करायची नाही असं त्यांनी बजावलं. दाढ निघाली सकाळी आणि रात्री दहाला पुन्हा रक्त सुरू झालं. शेजारच्या पोरानं त्यांना गाडीवर मागे बसवून नेलं. आई दुसऱ्या कोणाच्या गाडीवर. एक वाजता घरी आले.

मी फोन काढून ती तारीख शोधली. त्या दिवशी मी बर्फाचा फोटो पाठवला होता, खिडकीखाली उभ्या सायकलींवर साचलेला. बाबांनी अंगठा टाकून लिहिलंय, "मस्त. टोपी घालत जा." वेळ रात्री बारा वाजून चार मिनिटं. म्हणजे दवाखान्यातून. दाताखाली कापूस दाबून.

तो एक निरोप मी किती वेळा वाचला असेल.

तसं पाहिलं तर दिसत होतं. आल्या दिवशी मुद्दाम तर्री पोहे आणले होते बाबांनी, माझ्यासाठी. तर्रीतले चणे त्यांनी एकेक करून ताटलीच्या कडेला लावले. मला वाटलं डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल. पोळी वरणात बुडवून खातात, तेही पाहिलं. बघितलं आणि सोडून दिलं. तीन आठवड्यांसाठी येणारं माणूस असंच बघतं का?

आता माझं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हॅनोवरला मी सलग दोन रात्री झोपले नव्हते. त्या दुखण्याला तिथे नीट शब्दही सापडेना. दातांच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? मी सहा म्हणाले. नऊ म्हणायची लाज वाटली. ठणका म्हणजे काय, सणक म्हणजे काय, रात्री आडवं झालं की कानापर्यंत कशी कळ जाते, हे सगळं त्या सहामध्ये गेलं. एक्स-रेला तिकडे रोंटगेन म्हणतात, ज्यानं 1895 मध्ये शोध लावला त्याचंच नाव. ते चित्र बघून बाई म्हणाल्या, वुर्त्सेलबेहांडलुंग. मुळावरचा उपचार. शब्द ऐकूनच पोटात गोळा आला. मग कागद. विमा दाढेचे पैसे कोणत्या अटीवर देतो, कोणता भाग आपण भरायचा, इथे सही, तिथे सही. कॅपसाठी ठरावीक खर्चाच्या 60 टक्के विमा देतो. दर वर्षी तपासून घेऊन वहीत पाच वर्षांचे शिक्के असले तर 70, दहा वर्षांचे असले तर 75. माझी वही कोरी. एवढी वर्षं दात दुखला नाही म्हणून दाखवायला गेलेच नाही. कॅप नागपूरला करू, असं तेव्हाच ठरवलं. बाई म्हणाल्या, तोवर त्या बाजूनं कडक काही चावू नका, कॅप नसलेली दाढ तडकते.

पहिल्या दिवशी पाऊण तास तोंडावर रबराचा पडदा, आत त्या बारीक सुया, कॅनालची खोली मोजणारं यंत्र मधूनच टूं टूं वाजायचं. अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर. ट्राममध्ये बसले आणि बाबांचा व्हिडिओ कॉल आला. कापला. लिहिलं, "मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलते." रात्री बोलले ते फोन कानाला लावून, इंटरनेट नीट नाही असं सांगून. आवाज असा काऊन, म्हणाले. म्हटलं, सर्दी. घरात सूपचं पाकीट होतं, ते केलं. बधिर ओठातून सूप गळ्यावर सांडलं आणि मी खूप रडले. दुखत नव्हतं तेव्हा. कोणी पुसायलाही नाही, एवढंच डोक्यात होतं. किरणला फोन करावा असं वाटलं होतं. नाही केला. ते राहू दे.

घरी सांगावं असं त्या पंधरा दिवसांत एकदाही वाटलं नाही का? वाटलं. दरवेळी मी स्वतःला एकच सांगितलं: ते तिथून काय करणार?

हेच. अगदी हेच वाक्य. काल रात्री ते लक्षात आलं आणि मी उठून बसले. आईच्या तोंडून ऐकलं तर मला लागलं, आणि मी तेच पंधरा दिवस वापरत होते, तेही प्रेम म्हणून. मग तिचं प्रेम नव्हतं का?

पण तरी. कळायला हवं होतं मला. त्यांना हृदयाची गोळी आहे, माझ्यासारखं नाही ते. कळायला हवं होतं.

कळलं असतं तर काय केलं असतं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. रात्री बारा ते एकमध्ये सात फोन केले असते. आई एका हातानं त्यांचा कापूस धरून दुसऱ्या हातानं मला समजावत बसली असती. शेजारच्या पोराला मी तिथून सूचना दिल्या असत्या. तिकीट बघितलं असतं, काढलं नसतं. बाबांच्या हृदयात स्टेंट टाकला तेव्हा हेच झालं होतं. आईनं ते पाहिलंय. तिला एका वेळी एकाच माणसाला सांभाळायचं होतं त्या रात्री, आणि तिनं बरोबर माणूस निवडला. हे लिहिताना छातीतलं थोडं सैल झालंय. लागतंय अजून, पण राग नाही. कोणावर करू?

परत यायचं का, हा विषय आज नको.

डॉक्टर म्हणाले ते आठवतंय. नस काढलेल्या दाढेला थंड-गरम कळत नाही, पण दाब कळतो, कारण मुळाभोवतीचं जिवंत असतं. खरंच आहे. माठाचं पाणी त्या बाजूनं घेतलं तर काहीच नाही. जीभ नुसती दाबून धरली की लगेच समजतं, इथे आहे.

आज पहाटे पाचला गच्चीवर. उन्हाच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात म्हणून आई चारपासून चीक घोटत होती. आम्हा दोघांना तिनं वाटीत गरम चीक दिला, दूध-साखर घालून. चावायचं काही काम नाही. बाबा डावीकडनं खात होते, मी उजवीकडनं. पुढच्या आठवड्यात कॅप बसवायला जाईन तेव्हा ते सोबत येतायत, त्यांच्या रिकाम्या जागेचं काय करायचं ते विचारायला. तेवढं मी कबूल करून घेतलं.

मग मी सांगितलं. मार्चचं सगळं, पहिल्या रात्रीपासून. चौथा कॅनाल, यंत्राचं टूं टूं, सर्दी नव्हती हेसुद्धा. आई सोऱ्या दाबत ऐकत होती. चादरीवरच्या कुरड्या वेड्यावाकड्या व्हायला लागल्या.

बाबांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "कोणी होतं का सोबत?"

"हो," मी म्हणाले. "एक मैत्रीण होती."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सोऱ्यात चीक भरायला वळली.