उलट्या होऊनही पोटॅशियम चढलेलं

ठाण्याजवळच्या दिव्याहून आलेला पन्नाशीतला गवंडी. मानेतल्या गाठींच्या टीबीवर औषधं सुरू होऊन तिसरा आठवडा. उलट्या, चक्कर, अन्न जात नाही. ‘गोळ्यांची उष्णता’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवलेला. गोळ्यांनी उलट्या होतातच, पण बिलिरुबिन, एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे यकृत ठीक. सोडियम ११८, खूपच कमी; पोटॅशियम ५.९, जास्त; क्रिएटिनिन १.१, म्हणजे किडनी ठीक. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, इथे चढलेलं. आधीच्या केसपेपरवर नोंद फक्त सोडियमची. हे मला अजून खुपतं.

वरचं बीपी झोपून ९६, उभं केल्यावर ७०. बायको म्हणाली, “उन्हात काम करून रापलेत, डॉक्टर.” पण उन्हाने हिरड्या काळ्या पडत नाहीत. बॅटरी लावून पाहिलं: हिरड्यांवर निळसर काळे डाग, तळहाताच्या रेषा काजळ भरल्यासारख्या. गुडघ्यावरचा अलीकडचा व्रण काळाभोर, दंडावरचा लहानपणचा मात्र फिकट. सावळ्या माणसात ॲडिसनचा आजार इथेच शोधावा लागतो. त्यात मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात, कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड कमी पडतं, मीठ लघवीतून जातं आणि पोटॅशियम साठतं.

टीबीने ॲड्रिनल ग्रंथी आधीच पोखरल्या होत्या. टीबीचंच औषध रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं, कॉर्टिसोल भराभर संपतं, आणि जेमतेम तग धरलेला माणूस कोसळतो.

आधी कॉर्टिसोल आणि एसीटीएच (ॲड्रिनलला हुकूम देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं संप्रेरक) यांसाठी रक्त घेतलं. एसीटीएचची ट्यूब ईडीटीएची, थेट बर्फात हवी. बाहेर राहिली तर आकडा खोटा कमी येतो. कलेक्शनवाला ती खिशात टाकून निघाला होता. बर्फाचा डबा देऊन पुन्हा सँपल घेतलं. रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसोल, १०० मिग्रॅ शिरेतून, पुढे चोवीस तासांत २००, सोबत नॉर्मल सलाईन. सोडियमचा आकडा बघून तीन टक्क्यांची, जास्त मिठाची सलाईन लावायची घाई नको. स्टेरॉइड मिळताच लघवी मोकळी होते आणि सोडियम आपसूक वर धावतं. चोवीस तासांत ते आठाहून जास्त अंकांनी वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दर चार तासांनी तपासत राहिलो.

कॉर्टिसोल २.३ आलं, फारच कमी. सीटीत दोन्ही ॲड्रिनल सुजलेल्या, कॅल्शियमचे ठिपके.

रिफाम्पिसिन बंद केलं नाही. हायड्रोकॉर्टिसोन नेहमीच्या दुप्पट ठेवलं, सोबत शरीरात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिग्रॅ. ताप आला तर डोस आणखी वाढवायचा, उलट्या झाल्या तर मांडीत इंजेक्शन, हे बायकोकडून करून घेतलं. टीबीचा कोर्स संपल्यावर स्टेरॉइडचा डोस उतरवावा लागेल. तेव्हा तो कुणासमोर बसलेला असेल कोण जाणे, म्हणून डिस्चार्ज कार्डावर ते पहिल्याच ओळीत मराठीत लिहिलंय.