पालकांची सही कुणाची आणू?

पेशंट मीच, वय त्रेसष्ट. खाली पालकांचं नाव, पालकांचा मोबाइल नंबर, पालकांची सही. तिन्ही रकाने सक्तीचे. या एका कागदानं माझे सहा आठवडे खाल्ले, म्हणून आधी त्याचंच सांगते. बाकीचं सुरळीत झालं.

कागद ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या तपासणीचा. नातवाला तपासायला लेक घेऊन गेली होती, मी सोबत. मोठ्या आवाजाला कान झाकतो का, रोजचा क्रम बदलला की बिथरतो का, असे प्रश्न होते. लेक त्याची उत्तरं लिहीत होती, मी मनातल्या मनात माझी. घरी येऊन 'एक्यू' ही पन्नास प्रश्नांची चाचणी सोडवली. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती २००१ साली मांडली. ३२ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासून घ्यावं, असा तिचा हिशेब. मला ३९. ही नुसती चाळणी आहे, निदान नाही. एवढ्यावर स्वतःला शिक्का मारून घेऊ नका.

नातवाला नेलं होतं त्याच ठिकाणी माझं नाव घातलं. पहिल्या दोन बैठका छान झाल्या. तिसरी बालपणाच्या माहितीची. लक्षणं लहानपणापासून होती हे दिसल्याशिवाय निदान करत नाहीत, आणि ते मला पटतं. पण खिडकीतल्या मुलीचं म्हणणं, पालक आल्याशिवाय तारीख नाही.

"आई-वडील दोघंही गेले."

"मग मिस्टर चालतील. त्यांनी तुम्हाला लहानपणी पाहिलंय ना?"

आमचं लग्न १९८६चं. रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढे जात नव्हता, आणि कॉम्प्युटर पुढे जात नाही म्हणून मीही नाही. तीन खेपा झाल्या. बसायला वीतभर उंचीच्या रंगीत खुर्च्या, भिंतीवर हत्ती-जिराफ, डोक्यावर किरकिरणारी ट्यूबलाइट. शेजारच्या बाईनं विचारलं, "नातू आत गेलाय का?" म्हटलं, नाही, मीच जायचीय. तिनं पर्स जवळ ओढली.

मी बँकेत चौतीस वर्षं काढली. मयत खातेदारांच्या वारसांचे कागद माझ्याकडे असायचे. त्या फॉर्मवरसुद्धा अमुक हयात नसल्यास पुढे काय, हे छापलेलं असतं. इथे साठीच्या माणसाला ऑटिझम असू शकतो हेच कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. ऑटिझम असलेली मुलं मोठी होऊन जातात कुठे, असं त्यांना वाटतं?

शेवटी वाट काढली ती मानसशास्त्रज्ञ बाईंनी, तीही मी त्यांना थेट चिठ्ठी लिहिली तेव्हा. खिडकीशी वाद घालत बसू नका, तपासणाऱ्याला लिहा. मला हे पाचव्या आठवड्यात सुचलं. त्या म्हणाल्या, लहानपणी पाहिलेलं कुणीही चालेल.

वाईला माझी मावशी आहे, शहाऐंशीची. मामेभावाच्या मुलानं फोन धरला, व्हिडिओवर मुलाखत झाली.

"बोट दाखवून वस्तू मागायची का?"

"मागायची कशाला? फडताळापाशी जाऊन उभी राहायची. आपण ओळखायचं."

"खेळायची काय?"

"चिंचोके. पाच-पाचाच्या रांगा लावायची. एक हलवला तर जेवायची नाही. बायका घुमी म्हणायच्या, ते आक्काला फार लागायचं."

आक्का म्हणजे माझी आई. चिंचोके मला आठवत नाहीत. आईला लागायचं, हेही माहीत नव्हतं. मी तर समजत होते की तीच मला घुमी म्हणायची.

निदान आलं, ऑटिझम स्पेक्ट्रम. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाचा ऑटिझमवरचा पहिला लेख १९४३चा, पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात ऑटिझम स्वतंत्र आजार म्हणून आला १९८०मध्ये. तेव्हा मी कॉलेजात होते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात वाढूनही मला कुणी ओळखलं नाही, याचा राग आता उरला नाही. हे म्हणाले, "मग इतकी वर्षं मी भांडत कुणाशी होतो?" प्रश्न रास्त आहे.

हळदीकुंकवाला जाताना मी वाक्यं पाठ करून जायची. पाच वाक्यं, मग वाण, मग घर. घरी आल्यावर अंधार करून पडायची. सगळ्याच बायका असं करतात अशी माझी समजूत होती. रिटायर झाल्यावर ठरलेली बस गेली, ठरलेलं टेबल गेलं आणि मी कोसळले. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चुकीच्या नव्हत्या, अर्धवट होत्या. वर प्रत्येकाचा सल्ला, माणसांत मिसळा, हास्यक्लब लावा. दीड वर्ष पहाटे हात वर करून हसले. आता सोडलं. त्याच वेळेला वाचनालयात जाते, त्याच खुर्चीवर.

पुढची भीती वेगळी आहे. उद्या हॉस्पिटलात पडले, बाई ठेवावी लागली, तर? दवाखान्याच्या फाइलमध्ये पहिलाच कागद लावून ठेवलाय: अंगाला हात लावण्याआधी सांगा, दिवा मंद ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, गप्प बसले म्हणजे समजलं नाही असं नाही. लेकीला तो वाचून दाखवला. तुमचं निदान होवो न होवो, असा कागद करून ठेवाच.

जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर पहिल्या दिवशीच न्या. माझ्या चौथीच्या पुस्तकात 'हुशार, परंतु मिसळत नाही' असं बाईंच्या अक्षरात आहे. वेळ घेण्याआधी मोठ्यांची तपासणी करता का, हे फोनवरच विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे, पण सरकारी प्रमाणपत्राची वाट निराळी, तिथली तपासणीही निराळी. मी त्या रांगेत गेले नाही. एवढी सहनशक्ती नव्हती.

आणि रिपोर्ट हातात पडला की तिथेच वाचा. माझ्यात 'मुलीने तपासणीत छान सहकार्य केले' असं छापून आलंय. जन्मसाल चुकलं होतं ते दुरुस्त करून घेतलं, हे राहू दिलं.