थेंब बुडला की पास

आमच्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, म्हटलं की संत्राच आठवते. चुना कालवा, बोर्डो पेस्ट करा, झाडाच्या खोडाले लावा, संध्याकाळी नखं निळी. कॉलेजात असताना पहिल्यांदा रक्तदान शिबिरात गेलो तर तिथं टेबलावर तेच निळं पाणी, म्हटलं बावा इथंबी मोरचूद का. सिस्टरनं बोटाले टोचलं, थेंब त्यात सोडला अन् तो सरळ तळाशी गेला. बुडला म्हणजे हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, पास. तरंगत राहिला तर घरी जा, पालक खा.

माझा थेंब सात वेळा बुडला. बी पॉझिटिव्ह, वजन ६८, हाताची शीर अशी की सिस्टर खूश. आठव्या वेळी मात्र माझ्या हातून एक चूक झाली, मी फॉर्म वाचला.

कोणी वाचत नाही हो तो. वर नाव, वय, वजन, मग कावीळ झाली होती का, मलेरिया, कुत्रा चावला का, टॅटू काढला का, अन् सगळ्यात खाली बारीक अक्षरात, जिथं सही करायची त्याच्या बरोबर वर, मी अमक्या-तमक्या गटातला नाही म्हणून लिहून द्यायचं. त्यात समलैंगिक पुरुष. मी पेन हातात घेऊन बसलो तर बसलोच, मागं लाइन, अन् एक काका म्हणे, "काहून गा, सही इसरला का?"

केली सही. रक्तबी दिलं. पण बाहेर येऊन फ्रुटी काही गळ्याखाली उतरेना.

मग रात्री मोबाइलवर शोधत बसलो. २०१७ मध्ये केंद्राच्या रक्त संक्रमण परिषदेनं अन् नॅकोनं, म्हणजे एड्स नियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, रक्तदाता निवडीची नियमावली काढली, त्यातलं कलम १२ अन् ५१. ट्रान्सजेंडर, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्री करणाऱ्या बायका, यांना कायमची मनाई. सहा महिने नाही, वर्ष नाही, कायमची. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं आमच्यासारख्यांच्या संबंधाले गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बाजूला सारलं तेव्हा मी शेतातल्या खोलीवर एकटाच रडलो होतो, अन् हा नियम त्याच्या आधीपासून तिथंच होता, आजबी आहे. २०२१ मध्ये मणिपूरच्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या संता खुराईंनी याच्यावर याचिका टाकली, २०२४ मध्ये लेखक शरीफ रांगणेकर यांची आली. मे २०२५ मध्ये कोर्टानं केंद्राला म्हटलं की तज्ज्ञांना विचारा, कोणाच्या कपाळावर शिक्का न मारता काळजी घेता येते का ते पहा.

आता खरं सांगतो, सरकारचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. आमच्यासारख्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण बाकी लोकांपेक्षा जास्त आहे, हे मलेबी मान्य आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते, पण लागण झाल्यावर सुरवातीचे काही दिवस तपासणीत काहीच दिसत नाही, अन् तो काळ कमी करणारी नॅट टेस्ट सगळ्या ब्लड बँकांत होत नाही. अन् हे मी कागदावरचं बोलत नाही. माझ्या बालमित्राचा पोरगा सिकलसेलचा आहे, रक्ताचा जन्मजात आजार. पोट्ट्याचे हातपाय दुखायले लागले की आईच्या मांडीवर तोंड खुपसून पडते, आवाज करत नाही, नुसतं थरथरते. सिकलसेलवाल्याले सरकारी नियमानं रक्त फुकट आहे, पण फुकट असलं तरी कोणाच्या तरी अंगातूनच येते ना. त्या लेकराच्या नळीत खराब रक्त जावं असं मले कसं वाटंल?

पण मग मले हे विचारा ना, की गेल्या तीन महिन्यात नवीन जोडीदार झाला का, एकापेक्षा जास्त झाले का. अन् सगळ्यायलेच विचारा. इंग्लंडनं २०२१ मध्ये तसंच केलं. अमेरिकेत १९८३ पासून आमच्यासारख्यांना बंदीच होती, ती घसरत घसरत २०१५ ला वर्षावर आली, २०२० ला तीन महिन्यांवर, अन् २०२३ पासून तिथंबी सगळ्यांना सारखे प्रश्न. माझा एकच माणूस आहे, सहा वर्षं झाली, अमरावतीले असतो, दोघांचीबी दरवर्षी तपासणी. आमच्याकडचा एक आडत्या मात्र दर हप्त्याले नागपूरले "माल पाहाले" जाते, कोणता माल ते अख्ख्या गावाले माहीत, तरी तो छातीवर बॅज लावून रक्तदान करते अन् फोटो टाकते. एकापेक्षा जास्त जोडीदारवाल्यांनाबी मनाई त्याच नियमात लिहिली आहे बरं का! त्याले कोण विचारते?

शहरात बरं असंल, नाही दिलं तर नाही दिलं. गावात नाही देणं म्हणजे उत्तर देणं आलं. शिबिर भरवते कोण तर हाच माझा मित्र, पोरासाठी म्हणून दर २६ जानेवारीले, अन् यादीत पहिलं नाव माझं. पहिल्या वर्षी म्हटलं अँटिबायोटिक चालू आहे. दुसऱ्या वर्षी म्हटलं बीपीची गोळी लागली. तर तो म्हणे, "कोन्त्या मेडिकलातून घेतं बे गोळी? गावात तर माह्या भावाचंच मेडिकल हाय." मी म्हटलं अमरावतीहून आणतो. तो पाहत राहिला माझ्याकडं, मग म्हणे, "अमरावतीचं लय झालं तुह्यं." पुढं काही बोलला नाही. त्याले माहीत आहे का नाही, मले अजून समजलं नाही.

यंदा मी आधीच सांगितलं, मी रजिस्टरवर बसतो, माझं अक्षर चांगलं आहे. तो लगेच हाव म्हणाला, जरा जास्तच लगेच. सकाळी नऊपासून शाळेच्या वर्गात लाकडी टेबल टाकून बसलो, वजन लिहा, ४५ किलोच्या खाली असंल तर परत पाठवा, शेवटचं कधी दिलं ते विचारा. बारा वाजता आडत्या आला, पांढरा शर्ट, गॉगल, सोबत फोटो काढाले दोन पोट्टे. फॉर्म न वाचताच पेन मागितला.

"सही कुठं करू?"

मी त्या बारीक ओळीच्या खाली बोट ठेवलं.