हा आकडा मोजला कुणी?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी १८९६ची मुंबईतली प्लेगची साथ निवडली. आम्ही चिंचपोकळीला राहतो, कस्तुरबा हॉस्पिटलपासून जवळच. तेच पूर्वीचं आर्थर रोड हॉस्पिटल, प्लेगचे रोगी तिथे ठेवत, हे आजोबांकडून लहानपणापासून ऐकलेलं. पहिला मसुदा दोन रात्रींत झाला. त्यात एक वाक्य होतं, 'प्लेगने मुंबईची निम्मी लोकसंख्या गिळली.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, "अगं, हे मोजलं कुणी?"

मी पाच वेबसाइट दाखवल्या. त्यांनी पाचही शेजारी शेजारी उघडायला लावल्या. वाक्यं तीच, इतकंच काय, एक शुद्धलेखनाची चूकही पाचही ठिकाणी जशीच्या तशी. म्हणजे साक्षीदार पाच नव्हते, एकच होता. आणि त्यानेही कुठून घेतलं ते लिहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जनगणनेचे आकडे शोधले. मुंबईची लोकसंख्या १८९१ साली ८,२१,७६४ आणि १९०१ साली ७,७६,००६. घट सुमारे ४६ हजारांची, निम्मी नाहीच. मी लगेच 'सुमारे ४६ हजार माणसं दगावली' असं लिहिलं आणि पुन्हा चुकले. दहा वर्षांत मुलं जन्मली, पोटासाठी माणसं आली, साथीला घाबरून गावाला गेली, त्यातली बरीच परतली. शहरात किती माणसं उरली ते जनगणना सांगते, किती मेली ते सांगत नाही. आकडा अस्सल असूनही माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. हे नीट उमगायला मला आठवडा लागला. अख्ख्या प्रकल्पात मला तो आठवडा सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग ज्यांनी त्या काळात नोंदी ठेवल्या त्यांच्याकडेच जायचं ठरवलं. पण मी इंग्रजीत 'मुंबई प्लेग' असं शोधत होते. शहराचं इंग्रजी नाव बदललं १९९५ साली. जुन्या इंग्रजी कागदांत सगळीकडे 'बॉम्बे'. 'बॉम्बे' आणि 'ब्युबॉनिक प्लेग' हे शब्द अवतरणचिन्हांत टाकले, जोडीला सरकारने साथीसाठी नेमलेल्या प्लेग समितीचे अध्यक्ष ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांचं नाव दिलं, तेव्हा समितीचा १८९७चा अहवाल इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहात मिळाला. एक काळजी मात्र घ्यावी लागते. अशा जुन्या पुस्तकांचा मजकूर यंत्राने वाचलेला असतो, त्यात ८चा ३ सहज होतो. आकडा नेहमी मूळ पानाच्या चित्रावरून उतरवायचा.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या वेबसाइटवर प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. मी प्रस्तावना वाचून सोडून द्यायचे. मॅडम म्हणाल्या, "आधी शेवटची फाइल उघड." तिथे ग्रंथसूची असते, आणि कुणीतरी चार-पाच वर्षं खपून जमवलेले मूळ संदर्भ एका जागी मिळतात. त्यातले काही लेख जेस्टोर या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन संग्रहात सापडले. मोफत खात्यावर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, मला तेवढे पुरले. मैत्रिणीने चॅटबॉटकडून काढलेली यादीही दिली होती. त्यातले दोन लेख कुठल्याच सूचीत सापडेनात, म्हणून ती यादी बाजूला ठेवली.

अहवाल हाती आला म्हणून काम संपलं नाही. तो लिहिला सरकारने, आणि लोकांना त्याच सरकारची धास्ती होती. हॉस्पिटलात नेतील या भीतीने घरोघर रोगी लपवले जात. ऑक्टोबर १८९६मध्ये तर गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवरच हल्ला केला. ज्या रस्त्यावरून मी रोज स्टेशनला जाते, तिथे! ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

सुधारलेल्या प्रकरणात आता 'निम्मी लोकसंख्या' नाही. जनगणनेचे दोन आकडे आहेत, त्यांतून काय कळत नाही तेही लिहिलं आहे, आणि नोंदलेल्या मृत्यूंपुढे 'नोंदलेले' हा शब्द प्रत्येक वेळी आहे. मॅडमनी ते शांतपणे वाचलं. मग विचारलं, "आणि लपवलेले? त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं असेल?"

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मी चौकशी करून आले आहे. सोमवारपासून त्या काळातलं मराठी लिखाण वाचायला बसते.