वायरिंग बदलल्यावर बंद पडलेला कार स्टीरिओ : नोंद तिसरी

मागील नोंदीत सीटखाली ॲम्प्लिफायर बसवल्याचे आणि हेड युनिटसाठी (डॅशबोर्डमधला स्टीरिओचा मुख्य भाग) नवे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तयार केल्याचे लिहिले होते. त्यानंतर दोन दिवस स्टीरिओ चालला. मात्र इंजिनाची गती वाढली की तिच्याबरोबर चढत जाणारी बारीक शीळ स्पीकरमधून ऐकू येत असे. ती घालवण्यासाठी आरसीए केबल (हेड युनिटकडून ॲम्प्लिफायरकडे आवाजाचा संदेश नेणारी) वीजपुरवठ्याच्या जाड वायरपासून दूर न्यावी, या विचाराने मी हेड युनिट डॅशबोर्डमधून बाहेर काढले, आरसीए आणि अँटेना दोन्ही सोडवले आणि केबल नव्या मार्गाने ओवण्यापूर्वी युनिट एकदा चालू करून पाहिले. बटण दाबताच पडदा क्षणभर लुकलुकला आणि विझला. पुन्हा पुन्हा दाबूनही तेच घडत राहिले.

सुरुवात अर्थातच फ्यूजपासून केली. युनिटच्या पाठीमागचा १० ॲम्पिअरचा लाल फ्यूज आणि फ्यूजबॉक्समधले संबंधित फ्यूज, सगळे शाबूत होते. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून ठरवू नये, कारण पात्याच्या मुळाशी गेलेली बारीक चीर दिसत नाही. त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर लावून दोन्हीकडे व्होल्टेज येते का, हे तपासणे अधिक खात्रीचे असते.

नंतर हार्नेसचा सॉकेट मोकळा करून मोजमाप घेतले. पिवळी, म्हणजे बॅटरीकडून कायम पुरवठा असलेली वायर आणि काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीमार्फत प्रवाह परत नेणारी वायर यांच्यात १२.५ व्होल्ट मिळाले. किल्ली ॲक्सेसरीवर फिरवल्यावर लाल वायरवरही १२.४ व्होल्ट आले. काही गाड्यांच्या मूळ सॉकेटमध्ये लाल आणि पिवळीच्या जागांची अदलाबदल असते आणि मग गाडी बंद करताच घड्याळ व साठवलेली स्टेशने पुसली जातात; येथे तसे नव्हते. काळ्या वायरपासून गाडीच्या बॉडीपर्यंत मीटरचा, मार्ग जोडलेला असल्यास वाजणारा भोंगाही वाजला. सगळी मोजमापे निर्दोष दिसत असल्यामुळे युनिटच आतून बिघडले असावे, असे मी जवळजवळ ठरवले होते.

ही चूक सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नवे हार्नेस बनवणाऱ्या बहुतेकांना ती कधी ना कधी भेटते. डिजिटल मल्टिमीटर मोजताना जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. त्याचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो. त्यामुळे वाटेत गंजलेला जोड असो, एकाच तारेवर लोंबकळणारी वायर असो किंवा रंगाचा थर असो, मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसते आणि खरा भार पडताच ते कोसळते. भोंग्याचेही तसेच आहे. कित्येक मीटरचा भोंगा २०-३० ओहमपर्यंतही वाजतो, आणि स्टीरिओच्या पुरवठ्यात एवढा रोध म्हणजे मार्ग बंद असल्यासारखेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी १२ व्होल्ट, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन वायरी जोडल्या. हा बल्ब पूर्ण प्रकाशात सुमारे पावणेदोन ॲम्पिअर प्रवाह घेतो, म्हणजे हेड युनिटला मध्यम आवाजात जितका लागेल त्याच्याशी तुलना करण्याजोगा. (एअरबॅगच्या वायरींना, ज्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात, आणि गाडीच्या संगणकाच्या संदेशवाहक वायरींना असा बल्ब कधीही लावू नये.) पिवळी वायर आणि दरवाजाच्या चौकटीतला उघडा बोल्ट यांच्यात लावल्यावर बल्ब लख्ख पेटला. तोच बल्ब पिवळी आणि हार्नेसची काळी वायर यांच्यात लावला, तेव्हा तंतू केवळ तांबूस झाला. बल्बच्या दोन टोकांत ३.१ व्होल्ट आणि काळी वायर ते बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ९.३ व्होल्ट, असे मोजमाप आले. बॅटरीचे तीन चतुर्थांश व्होल्टेज अर्थच्या वाटेतच खर्ची पडत होते. पुरवठा पूर्ण होता. परतीची वाट अडली होती.

नवे हार्नेस करताना मी काळी वायर मूळ जागेऐवजी हेड युनिट ज्या धातूच्या पट्टीवर बसते तिच्या स्क्रूला जोडली होती, कारण ती जवळ होती आणि धातूची होती. पट्टी मात्र प्लॅस्टिकच्या चौकटीवर बसते आणि बॉडीला तिचा स्पर्श केवळ रंगवलेल्या कडेवर होतो.

मग दोन दिवस स्टीरिओ चालला कसा, याचे उत्तर शोधल्याशिवाय मला समाधान होईना. ॲम्प्लिफायरचा अर्थ मी रंग खरवडून थेट फरशीच्या पत्र्याला दिला होता. आरसीए केबलचे बाहेरचे धातूचे वेष्टन हेड युनिटच्या अर्थला जोडलेले असते. म्हणून युनिटचा परतीचा प्रवाह या नाजूक वेष्टनातून ॲम्प्लिफायरकडे आणि तिथून बॉडीकडे जात होता. शीळ तिथूनच येत होती, कारण ज्या वेष्टनाने संदेशाचे रक्षण करायचे त्यातूनच पुरवठ्याचा प्रवाह आणि त्यावर स्वार झालेला अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राचा) गोंगाट वाहत होता. खातरजमेसाठी आरसीए सुटेच ठेवून फक्त अँटेनाचा प्लग लावला आणि पडदा उजळला, कारण अँटेनाचे वेष्टनही बॉडीला जोडलेले आहे. या तऱ्हेने युनिट फार काळ चालवले तर आतील आरसीएच्या अर्थचा बारीक मार्ग जळतो आणि मग शीळ कायमची राहते. माझ्या युनिटमध्ये आरसीएचे बाहेरचे कडे ते धातूचे कवच यांच्यात ०.३ ओहम आले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. बॅटरीचे ऋण टोक आधी काढले, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरला गोल टर्मिनल क्रिम्प केले (दाबून घट्ट बसवले), गाडीच्या मूळ अर्थच्या बोल्टाखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि गंजू नये म्हणून वरून ग्रीस लावले. आता तोच बल्ब पिवळी आणि काळीमध्ये १२.१ व्होल्टवर पेटतो. युनिट चालू करून आवाज मोठा ठेवला असता त्याचे कवच ते बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.०४ व्होल्ट आले. आरसीए केबल जुन्याच मार्गावर आहे, तरीही शीळ पूर्ण थांबली आहे.

डॅशबोर्डच्या दिव्यांशी जोडायची नारिंगी वायर अद्याप टेप गुंडाळून बाजूला ठेवली आहे. ती जोडण्यापूर्वी दिवे मंद करण्याचा गाडीचा स्विच तिच्यावर कसा पुरवठा पाठवतो, हे बल्ब लावून पाहायचे आहे. ती मोजमापे पुढील नोंदीत देईन.