चळवळीतल्या कवयित्रीच्या कविता शोधताना

सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४ साली छापला गेला, म्हणून तो हाती आहे. सभेसाठी गाणी रचणाऱ्या कितीजणींचं पुस्तकच निघालं नाही. अशा कवयित्रीचा शोध घ्यायचा तर नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करा. ते १८४० पासूनचं आहे.

सूचीत एकच नाव शोधू नका. माहेरचं, सासरचं, नुसतं ‘सौ.’ किंवा ‘एक भगिनी’ असंही छापलेलं असतं. गाण्याखाली गायकाचं नाव असेल तर शेवटचं कडवं नीट वाचा, नाममुद्रा, म्हणजे कवयित्रीने ओळीत गुंफलेलं स्वतःचं नाव, बहुधा तिथेच असते.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. इसवी सन काढायला शकात सरसकट ७८ मिळवले की चुकलंच! जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, तेव्हा शके १८५१ चा फाल्गुन होता. ७८ मिळवलेत तर त्या दिवसाचं पत्रक १९२९ चं ठरतं, म्हणजे सत्याग्रहाच्या आधीचं.

जुना स्वस्त कागद आम्लामुळे घडीवरच तुटतो. घडी सपाट करायला जोर लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. फोटो फ्लॅशशिवाय घ्या. मागची अक्षरं उमटत असतील तर पानाखाली काळा कागद सरकवा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, नाहीतर महिन्याभराने ‘हे कुठल्या अंकातलं?’ म्हणत बसाल.

छापील आणि गायलेला पाठ वेगळा निघाला तर दोन्ही ठेवा. शुद्धलेखन सुधारू नका. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलंत की चाल मोडते.