सव्विसाव्या घराण्याची बेरीज जुळली : इजिप्तच्या राजवटींच्या तक्त्याची प्रगती

गेल्या नोंदीपर्यंत माझा तक्ता वरून खाली चालला होता. पहिल्या घराण्यापासून आरंभ करून मानेथोचे आकडे एकाखाली एक मांडायचे आणि शेवटी सिकंदरापाशी, म्हणजे इ.स.पू. ३३२ला, पोहोचतो का ते पाहायचे, असा तो उपक्रम होता. त्यातून काहीच हाती लागले नाही. मानेथो या पुजाऱ्याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला इतिहास मूळ रूपात उरलेला नाही. जे आहे ते आफ्रिकानस, युसेबियस आदींनी घेतलेले उतारे, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून या खेपेस तक्ता उलटा केला : ज्या सालाविषयी खात्री आहे तिथून निघायचे आणि एकेक राजवट मागे सरकायचे.

खुंटी म्हणून इराणी सम्राट कंबायसेसने इजिप्त जिंकल्याचे रूढ साल, इ.स.पू. ५२५, घेतले. कंबायसेसच्या सातव्या राज्यवर्षातील एका चंद्रग्रहणाची नोंद खगोलज्ञ टॉलेमीने दिलेली आहे, ते ग्रहण इ.स.पू. ५२३च्या जुलैमधले ठरते, आणि त्यामुळे त्याची राज्यवर्षे आकाशाशी बांधली जातात. तिथून मागे सव्विसावे घराणे : तिसरा सामतिक जेमतेम वर्षभर, अमासिस ४४, अप्रिस १९, दुसरा सामतिक ६, दुसरा नेको १५ आणि पहिला सामतिक ५४. एकूण १३९ वर्षे, म्हणजे पहिल्या सामतिकचा आरंभ इ.स.पू. ६६४.

आता प्रश्न असा, की हेच आकडे का घ्यावेत? ग्रीक इतिहासकार हेरोडोटस नेकोला १६ आणि अप्रिसला २५ वर्षे देतो. आफ्रिकानसच्या उताऱ्यात नेकोला अवघी ६ वर्षे आहेत. या महिन्याचे बहुतेक रविवार या प्रश्नात गेले, आणि त्याचे उत्तर राजांनी नव्हे तर बैलांनी दिले.

मेम्फिस येथे प्ताह देवाचे जिवंत रूप म्हणून अपिस बैलाची पूजा होत असे. एका वेळी एकच अपिस असे, आणि तो मेल्यावर सक्कारा येथील सेरापियममध्ये त्याचे राजेशाही दफन होई. ओग्युस्त मारिएतने १८५१मध्ये हे भुयार उघडकीस आणले, तेव्हा तिथे बैलांच्या स्मृतिशिलाही मिळाल्या. त्यांतील काहींवर बैलाचा जन्म, मृत्यू आणि दफन यांच्या तिथी, कोणत्या राजाचे कितवे वर्ष, आणि बैलाचे एकूण आयुष्य, एवढे सगळे कोरलेले आहे. एखाद्या बैलाचा जन्म एका राजाच्या काळात आणि मृत्यू पुढच्या राजाच्या काळात झाला असेल, तर पहिल्या राजाची कारकीर्द किती वर्षांची हे साध्या वजाबाकीने निघते.

एक शिला घेऊन ही वजाबाकी पूर्ण करून दाखवतो. बैलाचा जन्म पहिल्या सामतिकच्या ५३व्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या १९व्या दिवशी. मृत्यू नेकोच्या १६व्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या ६व्या दिवशी. आयुष्य १६ वर्षे, ७ महिने, १७ दिवस. सामतिकने ५४ वर्षे राज्य केले असे धरले, तर नेकोचे १६वे वर्ष हे सलग क्रमाने ७०वे येते. ७०मधून ५३ गेले १७, त्यातून ४ महिने १३ दिवस वजा, उरले १६ वर्षे, ७ महिने, १७ दिवस. सामतिकला एक वर्ष जास्त किंवा कमी दिले, की लगेच बैलाचे वय एका वर्षाने चुकते.

इथे मी स्वतः एकदा फसलो. संगणकावरचा तक्ता इसवी सनापूर्वीच्या तारखा ओळखत नाही, म्हणून मी प्रत्येक तिथीचे दिवसांत रूपांतर केले होते, आणि त्या हिशेबाने आयुष्य १६ वर्षे, ७ महिने, २२ दिवस येत होते. हे पाच दिवस कुठून आले, ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. इजिप्तचे वर्ष म्हणजे ३० दिवसांचे १२ महिने आणि वर्षाअखेरीचे ५ जादा दिवस. लेखनिकाने वय काढताना नुसते महिने मोजले आणि ते पाच दिवस सोडून दिले. गंमत अशी, की दफनाच्या हिशेबात ते सुटत नाहीत. त्याआधी होऊन गेलेला एक अपिस सामतिकच्या २०व्या वर्षी बाराव्या महिन्याच्या २०व्या दिवशी मेला आणि २१व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या २५व्या दिवशी पुरला गेला. महिन्याचे उरलेले १०, जादा ५, पुढच्या महिन्याचे ३० आणि २५, एकूण बरोबर ७०, म्हणजे ममी तयार करण्याचा ठरलेला काळ. मीठ लावून ठेवलेल्या बैलाच्या बाबतीत पाच दिवस विसरून चालत नसावे.

नेकोचा निकाल पुढच्या बैलाने लावला. तो आधीचा अपिस मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी जन्मला, असे शिला सांगते (हा योगायोग कितपत खरा मानायचा ते ज्याने त्याने ठरवावे), आणि अप्रिसच्या १२व्या वर्षी आठव्या महिन्याच्या १२व्या दिवशी मेला; वय १७ वर्षे, ६ महिने, ५ दिवस. नेकोला १५ पूर्ण वर्षे आणि दुसऱ्या सामतिकला ६ दिली तरच हे वय येते. नेकोचे १६वे वर्ष सुरू झाले आणि त्याच वर्षात तो गेला. ते वर्ष पुढे दुसऱ्या सामतिकचे पहिले म्हणून मोजले गेले. हेरोडोटसचा १६ हा आकडा बहुधा याच अपुऱ्या वर्षातून आला असावा. आफ्रिकानसचे ६ मात्र तक्त्यातून काढून टाकले आहेत.

नव्या वाचकांसाठी एक खुलासा : आपल्याकडे शिवाजी महाराजांनी सुरू केलेला राज्याभिषेक शक त्यांच्यानंतरही चालू राहिला, इजिप्तमध्ये मात्र राजा बदलला की गणना पुन्हा एकपासून. एक राजवट निसटली, तर मागचे सगळे सरकते.

सामतिकच्या २०व्या वर्षी मेलेल्या त्याच बैलाचा जन्म आधीच्या, पंचविसाव्या घराण्यातील राजा तहार्काच्या २६व्या वर्षीचा आहे आणि आयुष्य सुमारे २१ वर्षांचे आहे. म्हणजे तहार्काचे २६वे वर्ष आणि सामतिकचे पहिले यांच्यामध्ये फट नाही, आणि तहार्काचा आरंभ इ.स.पू. ६९० ठरतो. इथपर्यंतचे रकाने मी हिरवे, म्हणजे पक्के, केले आहेत.

त्याच्या मागे हिरवा रंग झपाट्याने संपतो. नव्या राज्याच्या (न्यू किंगडम) काळात इ.स.पू. १२७९ हे दुसऱ्या रामसेसचे साल चंद्रतिथीवरून सर्वाधिक मान्य असल्याने तेच घेतले, पण त्याला पिवळा, म्हणजे तात्पुरता, रंग दिला. त्यामागे होरेमहेब आहे. त्याच्या राजवटीसाठी माझ्याकडे २७ वर्षे लिहिली होती. राजांच्या खोऱ्यातील त्याच्या थडग्यात २००६-०७च्या सुमारास झालेल्या उत्खननात मद्यकुंभांची खापरे मिळाली. त्यांवरील वर्षांत सर्वांत मोठे वर्ष १४ आहे, त्यापुढचे एकही नाही. मेस नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील खटल्याच्या मजकुरात होरेमहेबचे ५९वे वर्ष येते खरे, पण त्यात अखेनातेनपासून आयपर्यंतच्या, अबायडोसच्या राजयादीनेही गाळलेल्या राजांची वर्षे त्याच्या नावावर जमा केलेली आहेत. मी आता १४ वर्षे धरली आहेत, त्यामुळे तुतनखामुन एकदम १३ वर्षांनी अलीकडे सरकला.

आता काम एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितावर आहे. पहिल्या अमेनहोतेपच्या ९व्या वर्षी अकराव्या महिन्याच्या ९व्या दिवशी व्याध ताऱ्याचा पहाटेचा उदय, अशी ती नोंद आहे. इजिप्तच्या वर्षात लीप वर्षासारखा दिवस जोडण्याची सोय नसल्याने ही तिथी दर चार वर्षांनी एका दिवसाने सरकते, म्हणून तिच्यावरून साल काढता येते. अडचण निरीक्षणस्थळाची आहे : दक्षिणेकडे दर अंशाला उदय सुमारे एक दिवस आधी होतो, आणि उत्तरेचे मेम्फिस व दक्षिण टोकाचे एलिफंटाइन बेट यांच्यात जवळजवळ सहा अंशांचे अंतर आहे, म्हणजे हिशेबात वीस-पंचवीस वर्षांचा फरक. रेडिओकार्बनच्या २०१०च्या अभ्यासाने नव्या राज्याचा आरंभ इ.स.पू. १५७० ते १५४४च्या दरम्यान ठेवला आहे, आणि त्या कप्प्यात मेम्फिसचे साल अधिक सहज बसते. तूर्त दोन रकाने शेजारी शेजारी केले आहेत, एक मेम्फिसचा आणि एक एलिफंटाइनचा, आणि दोन्ही पिवळे.